घाम आढळला नाही

मी कार्यालयात असतो, ही गोष्ट कधी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागेल असं मला एकवीस वर्षांत वाटलं नव्हतं. दहाला पाच कमी असताना माझा पाय कार्यालयाच्या पहिल्या पायरीवर असतो. समोरचा घड्याळवाला मला बघून आपल्या दुकानातली घड्याळं लावतो, असं तो स्वतः चारचौघांत सांगतो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानं माणसावरून वेळ लावावी हे त्याच्या धंद्याला कितपत शोभतं हा प्रश्न वेगळा, पण ऐकायला बरं वाटतं. आपल्याबद्दल बाहेर असं काही बोललं जावं, याखेरीज सरळमार्गी माणसाची फार मोठी मिळकत नसते.

मी पाणीपुरवठा कार्यालयात गळतीच्या टेबलावर आहे. तुमच्या गल्लीतला नळ फुटला, जोडातून पाणी ठिबकायला लागलं, की तक्रार माझ्याकडे येते. तीन प्रती, मध्ये दोन कार्बन, वर शिक्का. आता मुद्द्याचं सांगतो, कारण ते लपवून ही हकिकत सांगताच येणार नाही. माझे तळहात गळतात.

साधा घाम नव्हे हो. साधा घाम सगळ्यांना येतो, त्याची कोणी कथा सांगत नाही. माझ्या तळहातांना बाराही महिने, पंख्याखाली, थंडीत, स्वस्थ बसल्या जागी पाझर फुटतो. शाळेत माझ्या उत्तरपत्रिकेचा खालचा अर्धा भाग वाळत घालावा लागे. अजूनही लिहिताना हाताखाली पुठ्ठा धरतो, नाहीतर तिसरी प्रत पहिलीच्या आधी भिजते. दुनियेची गळती नोंदवणारा माणूस स्वतःच गळतो, यावर कार्यालयात जेवढे विनोद होण्यासारखे होते तेवढे पहिल्या दोन वर्षांत होऊन गेले. आमचा फिटर अजून अधूनमधून म्हणतो, ‘‘तुमचा वायसर गेलाय, बदलून घ्या.’’ मी हसतो. विनोद जुना असला तरी माणूस मनानं चांगला आहे.

तर आमचं असं सुखानं चाललेलं असताना वरून हुकूम आला आणि जिन्याच्या माथ्यावर हजेरीचं यंत्र बसलं. काचेवर अंगठा ठेवायचा. यंत्रानं ओळखलं की आतून एक बाई गोड आवाजात म्हणते, ‘‘धन्यवाद.’’ नाही ओळखलं तर तितक्याच गोड आवाजात, पण का कोण जाणे जरा मोठ्यानं म्हणते, ‘‘कृपया पुन्हा प्रयत्न करा.’’

पहिल्या दिवशी ती मला हे अकरा वेळा म्हणाली. मागे रांग लागलेली. कोणी म्हणतं, ‘‘अहो, अंगठा पुसा की!’’ मी पुसायचो. पुसलेला अंगठा काचेपर्यंत पोचेतो पुन्हा ओला. डावा अंगठा लावला, तर्जनी लावली, करंगळीसुद्धा लावली. पण दहाही बोटं एकाच घरची, वेगळी कशी वागतील? त्यातून गंमत अशी, की त्या बाईचा आवाज नुसता कानावर पडला तरी माझ्या तळहाताला धार लागायची.

मुख्य लिपिकांकडे गेलो. हे गृहस्थ नियमाला इतके पक्के, की शिंक आली तरी आधी घड्याळाकडे बघून जेवणाची सुट्टी झाली का ते पाहतील.

‘‘यंत्रात तुमची नोंद नाही,’’ ते म्हणाले.

‘‘पण मी तुमच्या समोर उभा आहे!’’

‘‘उभे आहात हे मला दिसतंय. हजर आहात की नाही ते यंत्र बघेल.’’

‘‘मग मी हजेरीपटावर सही करतो. साहेब नाही का करत?’’

‘‘साहेबांची गोष्ट वेगळी,’’ असं म्हणून त्यांनी मान खाली घातली. वेगळी होती हे खरंच. एवढ्या मोठ्या कार्यालयात सहीची नोंदवही एकच उरली होती आणि ती मोठ्या साहेबांच्या खोलीत होती. साहेब यंत्राकडे ढुंकून बघत नसत. ते कोणाशी हात मिळवत नसत, उजवा हात कायम कोटाच्या खिशात असे, दारसुद्धा शिपायाकडून उघडून घेत आणि फाइल आणली की ‘‘ठेवा तिथं’’ म्हणत, हातात म्हणून घेत नसत. सगळ्यांचं एकमत होतं की असा शिष्ट माणूस शोधून सापडायचा नाही. माझंही तेच मत होतं, आणि ते मी चहाच्या वेळी पुष्कळदा मोठ्यानं मांडलेलं आहे.

दीड महिना गेला आणि माझ्या टेबलावर नोटीस आली. एकतीस दिवस विनाकारण गैरहजर! तीसच्या वर गेलं की बदली, असा नियम. बदली कुठं, तर धरणावरच्या भांडारात. इथून बसनं सहा तास. तिथं दिवसभर लोखंडी पाइप मोजायचे आणि संध्याकाळी, ते तितकेच आहेत ना, म्हणून पुन्हा मोजायचे. तिथं गेलेला माणूस निवृत्तीखेरीज परतल्याचं ऐकिवात नाही. इकडे लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष. आईचे गुडघे गेलेले. तिला जिना उतरताना एक हात लागतो आणि तो ओला असला तरी चालतो. बायकोनं नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाली, ‘‘अहो, पण तुम्ही जात होतात ना रोज?’’ एकवीस वर्षं संसार केलेल्या बाईनं हे विचारावं! मला ते नोटिशीपेक्षा जास्त लागलं.

नोटिशीत एक सोय होती. घामाचा दाखला आणा, साहेबांपुढे सुनावणी होईल, मग बघू. दाखला खात्याच्या वैद्यकीय बोर्डाचाच हवा आणि बोर्डाकडे अर्ज ठरावीक नमुन्यात करायला हवा. तो नमुना मी भरून नेला. खिडकीतल्या कारकुनानं तो उलटसुलट केला.

‘‘खाली अंगठा राहिलाय.’’

‘‘अहो, मी सही केली आहे. आणि अर्ज कशाचा आहे ते वाचा. अंगठा उमटत नाही याचाच अर्ज आहे.’’

‘‘असेल. पण अंगठ्याशिवाय अर्ज दाखल होत नाही.’’

मी शाईत अंगठा बुडवून टेकवला. घाम आणि शाई मिळून कागदावर छोटंसं तळं झालं. कारकुनानं ते प्रकाशात धरून बघितलं आणि अर्ज परत दिला. वर शेरा : ‘ठसा अस्पष्ट. सबब फेटाळण्यात येत आहे.’ असे चार अर्ज फेटाळले गेले. पाचव्या वेळी मी हुशारीनं दुपारी दोन वाजता गेलो. कारकुनाला डुलकी लागत होती, त्यानं डोळे मिटूनच शिक्का मारला. सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

या सहा आठवड्यांत माझ्या अंगठ्याचा जो सार्वजनिक विचार झाला, तेवढा एखाद्या पुलाचासुद्धा होत नसेल. सुरुवात बायकोनं केली. तिनं वरच्या मजल्यावरच्या शिवणकाकूंना ‘कुणाला सांगू नका’ म्हणून सांगितलं. संध्याकाळी मी घरी आलो तर इमारतीच्या दारात सहा माणसं माझा हात बघायला उभी.

तळमजल्यावर व्यायाममास्तर राहतात. शाळेतून निवृत्त झाले आहेत, पण शिट्टी अजून गळ्यातच आहे. ते म्हणाले, ‘‘एवढंसं काय घेऊन बसलात? दांड्यावर झुलणारी मुलं हाताला काय लावतात? पांढरी भुकटी!’’ त्यांनी डबाभर भुकटी दिली. दुसऱ्या दिवशी मी ती अंगठ्याला सढळ हातानं चोपडली आणि काचेवर टेकवली. घामात भिजून भुकटीची खळ झाली आणि काचेला अशी चिकटली की माझ्यामागच्या वीस जणांना ती बाई ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत राहिली. फिटरनं पुढं येऊन खिशातल्या पात्यानं काच खरवडली. तोवर अकरा वाजले. वीस लेटमार्क. त्या दिवशी माझ्याबरोबर जेवायला कोणी बसलं नाही.

मग शिवणकाकूंनी अंगठ्याला टोपडं शिवून दिलं. आत मऊ सुती कापड, बाहेर फुलाफुलांचं, मुळाशी नाडी. घरून निघताना घालायचं, यंत्रापाशी सोडायचं. बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी बराच वेळ बघून हळूच विचारलं, ‘‘लागलंय का?’’ मी ‘हो’ म्हणालो. तर त्यांनी कसं लागलं, कोणाचा अंगठा कसा तुटला आणि पुढे काय झालं, हे सगळं शेवटच्या थांब्यापर्यंत सांगितलं. ते ऐकून टोपडं आतून चिंब झालं.

पण खरा घात केला तो मेहुण्यानं. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं, आणि न कळणारी गोष्ट समोर आलीच तर तो ती उघडून बघतो. तो एके सकाळी, रांग लागायच्या आधीच, केस वाळवायचं यंत्र घेऊन थेट माझ्या कार्यालयात हजर! ‘‘भावजी, घाम येण्याचा वेग अमुक, तर वाळवण्याचा वेग त्याहून जास्त पाहिजे. साधा हिशोब आहे.’’ मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं हजेरी यंत्राशेजारच्या विजेच्या खोबणीत पिन खुपसली. फट् असा आवाज झाला. पंखे थांबले, दिवे गेले आणि ती बाई ‘कृपया’ एवढंच म्हणून गप्प झाली. ती चार वाजेपर्यंत बोलली नाही. त्या दिवशी चौसष्टच्या चौसष्ट माणसं गैरहजर लागली. मुख्य लिपिकही लागले. ते माझ्या समोर उभे राहून तोंडाची उघडझाप करत होते. ‘उभे आहात हे मला दिसतंय’ असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी संसारी माणूस आहे.

त्या संध्याकाळी घरात सभा भरली. मेहुणा पुढची योजना मांडत होता. आई म्हणाली, ‘‘अरे, तुझ्या वडिलांचेही हात असेच होते. मला वाटायचं, पुरुषांचे असेच असतात.’’ तेवढ्यात वहीतून डोकं वर न काढता लेक म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही डॉक्टरकडे का जात नाही?’’

मेहुणा योजनेतला पुढचा मुद्दा विसरला. माझ्या शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला स्वतःला तर वाटायचं, हा आजार नव्हेच, हा आपला स्वभाव आहे. आपण भित्रे, म्हणून आपले हात असे. घाबरटपणावर औषध मागायला कोणी जातं का?

त्वचेच्या डॉक्टरीणबाई लेकीहून फार मोठ्या दिसत नव्हत्या. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि आपले हात पुसले नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक पुसतात.

‘‘कधीपासून?’’

‘‘सातवीपासून.’’

‘‘झोपेत येतो का घाम?’’

मला काय ठाऊक? मी झोपेत असतो. पण बायको पटकन म्हणाली, ‘‘नाही. झोपले की हात कोरडे होतात. रोज.’’ आणि मग उगाच भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसली. इतकी वर्षं ही मला झोप लागल्यावर हात लावून बघत होती, आणि मला पत्ता नाही! मी हिला संशयखोर समजत होतो. मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंनी तळहाताला आयोडीन फासलं, वर पिठासारखी पूड भुरभुरवली. बघता बघता दोन्ही तळवे जांभळेकाळे. जिथं घाम तिथं रंग. कोरा ठिपका म्हणून राहिला नाही. त्यांनी फोटो काढला आणि म्हणाल्या, ‘‘याला नाव आहे, उपचार आहेत, आणि यात तुमचा काही दोष नाही. घामाच्या ग्रंथींना नसांकडून गरजेपेक्षा जास्त निरोप जातात. घरात कोणाला असेल तर पुढे येतं. घाम येतो म्हणून तुम्ही धसका घेता, आणि धसक्यानं तो आणखी येतो. भित्रे वगैरे काही नाही तुम्ही.’’

एवढं ऐकायला शेहेचाळीस वर्षं लागली. मला तिथंच त्यांचे आभार मानायचे होते, पण मी नुसतंच ‘पावती इथंच मिळेल का’ असं काहीतरी विचारलं.

उपचार दोन. झोपताना कोरड्या हातांना एक पातळ औषध लावायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं. शिवाय आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन दोन उथळ तबकांतल्या पाण्यात हात बुडवून बसायचं, आणि त्या पाण्यातून सौम्य वीज सोडायची. मी पाणीपुरवठ्यातला माणूस. पाणी आणि वीज एकत्र दिसली की आम्ही आधी पळतो आणि मग तक्रार लिहितो. पण बसलो. मुंग्या आल्यासारखं होतं, दुसरं काही नाही. मेहुणा म्हणाला, ‘‘यात काय आहे, मी घरीच बनवून देतो!’’ डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून असं काही बघितलं की तो पुढचे तीन आठवडे आमच्याकडे आला नाही. उपचाराचा हा एक जादा फायदा म्हणायला हवा.

उपचाराच्या चौथ्या आठवड्यात एके सकाळी मी वर्तमानपत्र वाचून घडी घातली आणि बघतो तर कागद कोरडा. शाई माझ्या हाताला नव्हती. मी बायकोला हाक मारली. तिनं माझा हात धरून बघितला. ‘‘अगंबाई,’’ म्हणाली, ‘‘दुसऱ्याच कोणाचा हात धरल्यासारखं वाटतंय.’’ पण सोडला नाही. पोळ्या करपायला लागल्या तेव्हा आईनं आतून हाक मारली.

त्याच दिवशी यंत्रातली बाई मला पहिल्यांदा म्हणाली, ‘‘धन्यवाद.’’ मी म्हणालो, ‘‘आपलेच आभार!’’ रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तरंगतच टेबलापाशी गेलो. आनंदाच्या भरात एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही, आणि हुशार म्हणवणाऱ्या आमच्या इमारतीत कोणाच्याच आली नाही. चार दिवसांनी मला बोर्डापुढे घाम दाखवायचा होता.

बोर्ड म्हणजे तीन वयस्कर डॉक्टर. खोली गारेगार. मी हात पुढे केले. तिघांनी पाळीपाळीनं बघितले.

‘‘पुसले का?’’

‘‘नाही हो.’’

‘‘मग येऊ द्या.’’

आम्ही चौघंही माझ्या तळहातांकडे बघत बसलो. वीस मिनिटं गेली. मधले डॉक्टर सहानुभूतीनं म्हणाले, ‘‘काहीतरी भीतीदायक आठवा.’’ मी धरणावरचं भांडार आठवलं. मुख्य लिपिक आठवले. मेहुण्याची पिन आठवली. हात कोरडे ठणठणीत. ज्या घामानं मला परीक्षेत, नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या बोलणीत एकदाही सोडलं नाही, त्यानं ऐन गरजेला दगा दिला. मी उपचाराचं सांगितलं, जांभळ्या तळव्यांचे फोटो दाखवले. अध्यक्ष म्हणाले, ‘‘तळवा आहे हे मान्य. पण कोणाचा? यात चेहरा कुठं आहे?’’ आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात दाखला लिहिला : ‘तपासणीअंती घाम आढळला नाही.’

बाहेरच्या बाकावर बसलो आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? माणूस नोकरीत प्रामाणिक, उपचारात प्रामाणिक, आणि कागदावर लबाड ठरला. आता आईला जिन्यावर हात कोण देणार, या विचारानं मी तो दाखला घडी करून खिशात घातला. खिसासुद्धा कोरडाच राहिला.

सुनावणी अठरा दिवसांवर होती. घरी पुन्हा सभा. ठराव एकमतानं मंजूर : याला घाम आणायचा. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला.

‘‘उपचार थांबवले तर घाम परत येईल का?’’

‘‘हळूहळू येईल. पण थांबवायचे कशाला?’’

‘‘मला घाम हवाय.’’

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, ‘‘घरी सगळं ठीक आहे ना?’’

घरी काय ठीक असणार? औषध आणि वीज दोन्ही बंद. व्यायाममास्तर पहाटे शिट्टी वाजवून मला जिन्यावरून वरखाली पळवत. वर दोन स्वेटर. कपाळावरून धारा, पाठ भिजलेली, सदरा पिळून काढावा असा. आणि तळहात मात्र घडीच्या कपड्यासारखे कोरडे. कारण तळहातांचा घाम उन्हातान्हापेक्षा मनाचं जास्त ऐकतो, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मास्तरांना मान्यच नव्हतं. ‘‘अजून दहा फेऱ्या!’’ ते ओरडत. शेजारीपाजारी दार उघडून चौकशी करत, ‘‘आला का?’’ आई म्हणायची, ‘‘येईल, येईल, गुणाचा आहे.’’

सुनावणीच्या सकाळी मी मान खाली घालून जिना चढलो. अंगठा काचेवर ठेवला.

‘‘कृपया पुन्हा प्रयत्न करा.’’

‘‘काय म्हणालात?’’

‘‘कृपया पुन्हा प्रयत्न करा.’’

मी तळहात बघितला. थेंब! मी अक्षरशः उडी मारली. ‘‘आला! आला!’’ म्हणून ओरडलो. मागच्या टंकलेखिकाबाई दोन पायऱ्या खाली सरकल्या. मुख्य लिपिकांनी शांतपणे वहीत लिहिलं, ‘‘आणखी एक.’’

साहेबांच्या खोलीत त्यांनीच प्रकरण वाचून दाखवलं. यंत्र म्हणतं गैरहजर, बोर्ड म्हणतं घाम नाही, सबब कारण खोटं, सबब बदली. ‘‘सगळं नियमात आहे, साहेब. फक्त आपली सही.’’ साहेब खुर्चीत ताठ बसले होते. उजवा हात नेहमीप्रमाणे खिशात.

‘‘तुमचं काय म्हणणं आहे?’’ त्यांनी मला विचारलं.

मी रात्रभर जागून पाठ केलेलं सगळं विसरलो. बोर्डाचा दाखला माझ्या हातात होता, तो नुसता पुढे धरला. तळहातावरचं पाणी कागदावर उतरलं आणि तीन डॉक्टरांच्या निळ्या सह्यांना पाय फुटून त्या खालपर्यंत वाहत आल्या. मी एवढंच म्हणालो, ‘‘साहेब, मी रोज आलो होतो हो.’’

साहेब त्या कागदाकडे बघत राहिले. मग मुख्य लिपिकांना म्हणाले, ‘‘तुम्ही जरा बाहेर थांबा.’’

दार लागलं. साहेबांनी खिशातून उजवा हात काढला आणि टेबलाचा खालचा खण उघडला. आत घडी घातलेले पांढरे रुमाल होते. मोजायची सवय असल्यामुळे मी मोजले. अकरा. बारावा त्यांच्या खिशातून आलेल्या हातात होता आणि तो ओलागच्च होता. त्यांनी खणातला एक कोरडा रुमाल काढून माझ्यापुढे ठेवला. टेबलाच्या काचेवर त्यांच्या पाची बोटांचे ओले ठसे उमटले. ते मी बघितले, आणि मी बघितले हे त्यांनी बघितलं.

मी रुमाल उचलून हात पुसले. चहाच्या वेळी मी जे जे बोललो होतो ते सगळं मला आठवलं आणि कान तापले.

‘‘दार उघडलं की कडीवर ओल राहते,’’ साहेब म्हणाले. ‘‘फाइलींवर डाग पडतात. तीस वर्षं सांभाळलं. मग हे यंत्र आलं. पहिल्या दिवशी सगळे गेल्यावर मी लावून बघितलं होतं. ती मलाही तेच म्हणाली.’’ मग आवाज आणखी खाली आणून त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्या फाइलीत लिहिलंय ती पाण्यातली वीज... चावते का हो?’’

‘‘नाही साहेब. नुसत्या मुंग्या येतात.’’

‘‘डॉक्टर काय काय विचारतात?’’

‘‘झोपेत घाम येतो का, ते विचारतात.’’

साहेब विचारात पडले. ‘‘मला माहीत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘घरी विचारायला पाहिजे.’’

मी दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. तो कागद थोडा भिजला, कोणाच्या हातानं ते आता सांगता येणार नाही.

दुपारी सूचनाफलकावर परिपत्रक लागलं. ज्या कर्मचाऱ्यांच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, त्यांनी नोंदवहीत सही करावी. गेल्या दिवसांची खातरजमा टेबलावरच्या कामावरून व्हावी. हे सर्व यंत्र बसल्याच्या तारखेपासून लागू. माझ्या त्या सगळ्या दिवसांच्या तीन प्रती कपाटात होत्याच. बदली रद्द झाली. घरी जाऊन मी आधी आईला जिना उतरवून खाली अंगणात नेलं, काही कारण नसताना. व्यायाममास्तरांनी शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीतली ती नोंदवही यंत्राशेजारच्या टेबलावर आली. पहिल्या ओळीत साहेबांची सही, दुसऱ्या ओळीत माझी. कार्यालयात कुजबुज झाली की मी साहेबांच्या गळ्यातला ताईत झालोय, आणि मुख्य लिपिकांनी मला चक्क खुर्ची दिली. मी सही करून वळतो तर मागे फिटर उभा. पाइपांचे आटे पाडून पाडून त्याची बोटं गुळगुळीत झाली होती. त्याचेही एकोणीस दिवस गैरहजर लागले होते आणि पठ्ठ्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, ‘‘वायसर गेला का?’’ तो इतका हसला की त्याची सही दोन ओळींत पसरली.

साहेबांचं गुपित मी कोणाला सांगितलं नाही. आता ते निवृत्त झालेत आणि परवा मी त्यांना विचारलं, ही हकिकत लिहू का म्हणून. ते म्हणाले, ‘‘लिहा. फक्त रुमालांचा आकडा बरोबर लिहा. बारा होते, अकरा नव्हे.’’ ते खिशातला धरतात.

पण एक सकाळ सांगायची राहिली. त्या सुनावणीनंतर तीनेक महिन्यांनी, दहाला पाच कमी असताना मी जिन्याच्या माथ्यावर पोचलो तर यंत्रासमोर साहेब उभे होते, एकटे. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मी दिसलो तरी ते हलले नाहीत. त्यांनी खिशातून हात काढला आणि अंगठा काचेवर ठेवला.

‘‘धन्यवाद,’’ ती बाई म्हणाली.

साहेब वळले. त्यांनी हात पुढे केला. एवढ्या वर्षांत त्यांनी हात पुढे केलेला कार्यालयात कोणी बघितला नव्हता. मी तो धरला. खडखडीत कोरडा होता. माझे उपचार पुन्हा नीट चालू होते, चार आठवड्यांत एक थेंब आला नव्हता, पण त्या क्षणी माझ्या तळहाताला असा काही पूर आला की विचारू नका.

‘‘राहू दे,’’ साहेब म्हणाले, आणि त्यांनी हात सोडला नाही.